सुमनची केशरी वाटी

२ एप्रिल ७१, अंधेरी
बाबल्या आलेला. आमच्या गावचा, बोटीवर खलाशी. गावची खबर त्याच्याकडूनच. म्हणाला, "वयनी ती केशरी वाटी कोणाक हात लावूक देना नाय. आंबटाचे डोहाळे. कैरी, चिंच, कोकमाचा सार, सगळा त्याच वाटीत. रातचा सार सकाळी पिता."
बरं वाटलं. लग्न झाल्यापासून सुमनला दिलेली ती एकच वस्तू. आमच्या चिनीमातीच्या कारखान्याची रीत, भट्टीत आपली एखादी चीज ठेवली तर शेठ बघून न बघितल्यासारखं करतो. मी दोन वाट्या फुलदाण्यांच्या केशरी ग्लेजमध्ये, म्हणजे चकाकीच्या रंगात, बुडवल्या. झकास उतरल्या. एक तिला, एक मला.
बाकी इथे मन लागत नाही. ही नोकरी पण सोडावी असं...

५ एप्रिल
जेवताना वाटीत माशाचं कालवण, वर लिंबू पिळलं. पास्कल ओरडला. तो आमचा रंग कालवणारा, मरोळ गावठाणातला.
"अरे येड्या, फुलदाणीच्या रंगात जेवतोस?"
"धुतलीय ना."
"धुवून काय होतंय? शिसं आहे त्यात. आंबट लागलं की सुटतं, पोटात जातं."
मला वाटलं मस्करी. हसायला लागलो. तो हसेना.
"पोटुशी बाई असली तर?" मी विचारलं.
"कोण बाई?"
वाटी बाजूला सारली.

६ एप्रिल
काल निघताना माझ्या वाटीत आंबट शिरका ओतून ठेवलेला. पास्कल म्हणाला, बघ करून. सकाळी ओतला. शिरका होता तिथवर चकाकी गेली. वर केशरी, खाली मातकट. बोटाला खरखर लागते.
सुमनची पण अशीच झाली असणार. ती म्हणेल चिंचेचा डाग. राखेने घासेल आणि परत सार भरेल.
तार करायला पोस्टाच्या पायरीपर्यंत गेलो. गावात तार आली म्हणजे माणूस गेलं. शाळेचे मास्तर ती वाचून दाखवायच्या आधी आई ऊर बडवणार. अशा दिवसांत सुमनला तो धक्का... परत आलो.
शेठ म्हणतो, भट्टी लागलीय, गेलास तर परत येऊ नको. बाळंतपणाला पैसा लागणार. कामाला लागलो. बाबल्याची बोट उद्या सुटते. त्याला शपथ घालून सांगितलं, पोचल्या पोचल्या घरी जा, शिशाचं सांग, वाटी काढून घे.

१५ एप्रिल
बाबल्या आला. वाटी सुमनने स्वतः घरामागच्या परड्यात पुरली. आई कावली, एवढी चांगली वाटी म्हणून.
"सुमन काय बोलली?"
"तेवा काय नाय. मी निघताना पाठसून इली. इचारल्यान, आदी पियालंय त्याचा काय?"

१६ एप्रिल
पास्कलला तेच विचारलं. रंगाची बालदी ढवळत राहिला. मग म्हणाला, "मला रंगाचं कळतं रे. पोराचं डॉक्टरला विचार."
नाक्यावरच्या डॉक्टरकडे माझी वाटी घेऊन गेलो. त्याने मातकट भागावर नख फिरवलं. "किती दिवस पीत होत्या?" मी बोटांवर महिने मोजायला लागलो. म्हणाला, "त्यांना मोठ्या इस्पितळात दाखवा."
"पोर नीट असेल ना, डॉक्टर?"
"दाखवा आधी." आणि पुढच्याला आत बोलावलं.

१७ एप्रिल, भाऊचा धक्का
शेठला सांगितलं नाही. सुमनला घेऊन येतो, मग बघू नोकरीचं. बाबल्याने डेकवर जागा धरलीय. पिशवीत स्टीलची वाटी आहे.
त्याला विचारलं, डोहाळे आहेत ना अजून? ते असले म्हणजे सगळं नीट, असं उगाच मनात आलेलं.
तो दोर गुंडाळत होता. म्हणाला, "आईन कैरी कापून पानार वाडल्यान. वयनी बघीत रवली. हात लावल्यान नाय."
भोंगा झाला.