अकरा खोकी आणि एक कोपरा

शनिवार, ११ एप्रिल. सकाळी ९:४०
किचन आलं. अकरा खोकी, सगळी चपटी. यातून एल आकाराचं अख्खं किचन उभं राहणार, कोपऱ्यातल्या फिरत्या रॅकसकट. हिशेब साधा आहे. रोज दोन खोकी, म्हणजे सहा दिवस. पुढच्या शनिवारी फिनिश.

ही, म्हणजे विजयमाला, आमच्या लेकीच्या, पूर्वाच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली आहे. ३० तारखेला परत येणार. १ मेला बुद्धपौर्णिमा. विहारात वंदनेनंतर वाटतात ती खीर दर वर्षी हीच करते, आमच्याच ओट्यावर, गेली सत्तावीस वर्षं. यंदा नव्या किचनमध्ये करेल. तिला यातलं काही माहीत नाही. सरप्राइज.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. रिटायर होऊन पाच महिने झाले. घरात माझ्या हातची एकही वस्तू नाही. ओट्यापाशी उभं राहून राहून हिची कंबर दुखते. तिच्यासाठी एक तरी गोष्ट स्वतःच्या हातांनी करायची आहे.

संध्याकाळी ६:००
संजय मिस्त्री येऊन गेले. विहारातली ओळख. खोकी बघून म्हणाले, दोन दिवसांत बसवून देतो, पण वहिनी आल्यावर. आधी वहिनींना इथे उभं करू, कोपराचं माप घेऊ, मगच ओट्याची उंची ठरवू. मी हसलो. किचनचं माप घ्यायचं की बाईचं? म्हटलं, संजयराव, बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत. (आस्थापना शाखेत, रजेच्या फायली. पण खातं बांधकामच.) चहा पाजून वाटेला लावलं.

रविवार, १२ एप्रिल
जुना ओटा फोडून घेतला. दोन कामगार, देखरेख माझी. १९९८ साली बांधलाही माझ्याच देखरेखीखाली होता. गवंड्याला सगळी मापं मीच दिली होती. फोडायला तीन तास लागले, यावरून कामाचा दर्जा कळावा. राडारोडा लगेच टेम्पोत घालून पाठवला. गॅस काढून बाल्कनीत. जेवण डब्यावर.

ओट्याखाली एक जुना पाट सापडला. मधोमध दोन खळगे पडलेत, पावलांएवढे, अगदी गुळगुळीत. सागवानी म्हणून गळ्यात मारलेला असणार, लाकूड हलकं निघालं. इथे काय करत होता कोण जाणे. मी किचनमध्ये फारसा जात नाही, चहा बाहेर येतो. टाकणार होतो, पण सरकारी सवय, काहीच राइट-ऑफ होत नाही. ठेवला.

मंगळवार, १४ एप्रिल
जयंती. आज कामाचा प्रश्नच नाही. (काल का झालं नाही: जयंतीची तयारी.) उद्या पहाटे पाचला सुरुवात. ठरलं म्हणजे ठरलं.

बुधवार, १५ एप्रिल. सकाळी ११:१०
उठायला उशीर झाला, मिरवणुकीत फार चालणं झालं. मॅन्युअल वाचलं. अठ्ठेचाळीस पानं, शब्द एकही नाही, नुसती चित्रं. पहिल्या पानावर एकटा माणूस आहे, त्याच्यावर फुली. शेजारच्या चित्रात दोन माणसं आहेत, ती हसतायत. पान उलटलं.

शुक्रवार, १७ एप्रिल
पहिलं कपाट तयार! साडेपाच तास. मागची फळी पुढे लागली, म्हणजे दार लावायला जागा नाही. पण मजबुती बघता ही मागची फळी पुढेच हवी होती असं वाटतं. तरी उलगडून परत केलं.

खालच्या मजल्यावरचे अनिरुद्धराव जिन्यात भेटले. पाडकाम अजून किती दिवस, असं विचारलं. मी म्हटलं, पाडकाम रविवारीच संपलं, आता बसवणं चालू आहे. ते म्हणाले, असं का, आवाजात फरक कळला नाही.

शनिवार, १८ एप्रिल
आज फिनिशची तारीख. झालेली खोकी: दीड. तारीख पुढे ढकलण्यास मंजुरी दिली. शेवटची मुदतवाढ.

सोमवार, २० एप्रिल. दुपारी १२:३०
कोपरा. कपाट भिंतीला टेकत नाही, एका बाजूने हात जातो. पूर्वाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक लावला. आमच्या घराचा कोपरा नव्वद अंशांचा नाही. अठ्ठावीस वर्षं या घरात राहतोय आणि आज कळतंय.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. चाळीस मिनिटं सनई ऐकली. मग एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, सर, कॅबिनेट तो बराबर है, आप वॉल सीधी करवा लीजिए.

दुपारी झोप. डोकं शांत हवं.

मंगळवार, २१ एप्रिल
ड्रिल केलं. भिंतीतला पाइप फुटला. पाइप भिंतीत तिथेच असणार हे कुणी लिहून ठेवायला नको होतं का? मुख्य कॉक सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली, अनिरुद्धरावांच्या वळणदार अक्षरात: 'आमच्या छतातून येणारे पाणी आमच्या मालकीचे नाही. कृपया आपले आपण घेऊन जावे.' प्लंबर आणला, त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. चांगला होता, आलं घातलेला. दहा दिवसांनी घरचा चहा प्यालो आणि का कोण जाणे, हिची फार आठवण आली.

रात्री हिचा फोन. बाळ डोळे उघडून बघतं म्हणाली. घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. मी ठीक म्हटलं. पाण्याबद्दल तिने विचारलं नव्हतं.

शुक्रवार, २४ एप्रिल
आज तांत्रिक निर्णय. कपाटांचे पाय फिरवून उंची कमीजास्त करायची असते. चित्रात एक बाई हात कोपरातून वाकवून उभी आहे आणि कोपराच्या थोडं खाली ओटा. म्हणजे संजय मिस्त्रींनी हेच चित्र कुठेतरी पाहिलं असणार.

अडचण: ही इथे नाही. फोनवर उंची विचारली तर सरप्राइज फुटेल. लग्नाचा फोटो काढला. त्यात ही माझ्या कानाला लागते. म्हणजे फरक किरकोळ. मीच हात वाकवून उभा राहिलो, टेप लावली. अडतीस इंच. पाय घट्ट केले. आता ते हलत नाहीत, मी परत खाली-वर करून बघितलं, अजिबात हलत नाहीत. उत्तम क्वालिटी.

रविवार, २६ एप्रिल. सकाळी १०:००
फरशीला मोरीकडे उतार आहे. बाकीची कपाटं सरळ, कोपऱ्यातलं मात्र डुलतं. त्याचे पाय तेवढे अजून घट्ट केले नव्हते, ते पूर्ण बाहेर काढूनही दोन बोटं अंतर राहतं. पुठ्ठा घालून पाहिला, दबला. मासिकं घातली, सरकली.

१०:४०
सुचलं! तो जुना पाट. सरकवला, तंतोतंत. लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधे. जुनी वस्तू टाकायची नसते ती यासाठीच. इतकं समाधान रिटायर झाल्यापासून मिळालं नव्हतं. स्वतःशीच टाळी वाजवली.

मंगळवार, २८ एप्रिल
वरचा काउंटर चिकटवला. सिलिकॉन शर्टाला, चष्म्याला, आणि एक तास डाव्या हाताला काउंटर. एकोणीस स्क्रू शिल्लक. कंपनी जास्तीचे देत असावी. बरणीत घालून लेबल लावलं.

बुधवार, २९ एप्रिल. संध्याकाळी ५:१५
फिनिश!!

एक छोटी बाब. कोपऱ्याचं दार उघडायचं तर शेजारचा ड्रॉवर बंद हवा, आणि ड्रॉवर बंद असला की त्याचं हँडल दाराला अडतं. ड्रॉवर उघडा असला की दार ड्रॉवरला अडतं. म्हणजे कोपरा उघडत नाही. पण बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, आणि आतला फिरता रॅक सुरक्षित राहतो.

गॅस जोडला. दिवे लावून, दाराशी उभं राहून दहा मिनिटं बघत होतो. हे मी केलं. एकट्याने. फुलीवाल्या माणसाने.

गुरुवार, ३० एप्रिल
ही आली. पिशव्या हातातच, दारात उभी राहिली. मग म्हणाली, अहो, तुम्ही केलंत? मी मान हलवली. तिने प्रत्येक दारावरून हात फिरवला. छान आहे, खूप छान आहे, म्हणाली. डोळे पुसले.

संध्याकाळी चहा केला. चवड्यांवर उभी राहून करत होती. एक्साइटमेंट असणार.

शुक्रवार, १ मे. संध्याकाळी ७:५०
विहारातून आत्ताच आलो. सविस्तर लिहितो.

सकाळी सातला हिने मोठं पातेलं गॅसवर चढवलं. आत बघता येईना. ढवळायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत होता. थोडा वेळ तशीच ढवळत राहिली. मग इकडेतिकडे वाकून काहीतरी शोधू लागली. शेवटी मला हाक मारून विचारलं, अहो, माझा पाट कुठे ठेवलात?

मी म्हटलं, कुठला पाट?

ज्यावर उभी राहून स्वयंपाक करते तो, म्हणाली. कधीपासून, असं मी विचारलं. ओटा झाल्यापासून. पूर्वाच्या वेळी ती माहेरी होती, तेव्हा मी माझ्या मापाने ओटा बांधून घेतला. बाळाला घेऊन आली तर ओटा छातीला. तेव्हाच बोलायचं होतंस, असं मी म्हटलं. तर म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात, पाहुण्यांना बोलावून दाखवत होतात. मग आईने पाट पाठवला, भागलं.

मी लग्नाचा फोटो पुढे केला. त्यात माझ्या पायाखाली विटा आहेत, म्हणाली. फोटोग्राफरने दोन-दोन ठेवल्या होत्या. शालूत दिसत नाहीत.

पाट कोपऱ्याखाली आहे हे मला सांगावं लागलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दूध वर यायला लागलं होतं. मी खाली बसलो, जोर लावून पाट ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवला. कोपरा कलला, काउंटर करकरला, पातेलं हललं. मी पटकन खाली शिरून खांदा लावला.

खीर शिजायला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ मी फरशीवर, खांद्यावर किचन घेऊन. तिथून मला फक्त तिची पावलं दिसत होती. ते खळगे तिच्या पावलांचेच आहेत. डावा जरा जास्त खोल आहे, कारण ती डाव्या पायावर भार टाकून उभी राहते. लाकूड चांगलंच आहे. मधे तिने चहा हवा का विचारलं, हो म्हटलं, तिने वाकून हातात दिला.

अनिरुद्धराव वाटी घेऊन आले. खीर घेतली, मग मला बघितलं. एक वीट ठेवायची की, एवढंच म्हणाले आणि गेले. मला सुचलं नव्हतं. मग त्यांनीच परत वर येऊन चार विटा आणून दिल्या, आपल्या कुंड्यांखालच्या.

खीर वेळेवर पोचली. सगळ्यांनी नाव काढलं. माझी मान उजवीकडे वळत नाही, त्यामुळे अर्ध्या लोकांचं कौतुक नुसतंच ऐकलं. संजय मिस्त्री डाव्या बाजूला होते. मीच त्यांना म्हटलं, रविवारी येता का. वहिनी असतील ना घरी, असं त्यांनी विचारलं. असतील म्हटलं.

आत्ता घरी येऊन विचारलं. भिंतीला उभं करून, डोक्यावर पट्टी ठेवून टेपही लावली. ती हसत होती. विजयमालाची उंची चार फूट नऊ इंच. लग्नाला तीस वर्षं झाली. नोंद आज घेतली.