सात नंबरचा काना

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

पुन्हा तोच विषय. चिन्मय चहाचा कप हातात घेऊनच सुरू झाला — "आई, ऑक्टोबरनंतर या विंडोजला अपडेट नाहीत. बाराच्या बारा मशीन भंगार." यांनी मान डोलावली. यांना मान डोलवायला काय लागतं! टायपिंग इन्स्टिट्यूट माझं, साखरखेर्ड्यात बावीस वर्षं चालवते मी, आणि मशीनचं आयुष्य हे बापलेक ठरवणार.

मी म्हटलं, अपडेट बंद म्हणजे बटणं बंद का? पोरांना मराठी तीसचा वेग काढायचाय, त्यांना काय चंद्रावर यान सोडायचंय?

एकही मशीन तेरा वर्षांच्या आतलं नाही. प्रत्येकाचं पोट मी स्वतः स्क्रू काढून उघडलंय. दर दुसऱ्या शनिवारी ब्लोअरने धूळ काढायची, वर्षातून एकदा प्रोसेसरची पेस्ट बदलायची. जुन्या हार्डडिस्क काढून एसएसडी टाकल्या, तर मेलेल्या माणसाने उठून बसावं तशी मशीन उठली. इंद्रभान मेकॅनिक मलकापूरहून येतो, तोसुद्धा म्हणतो — "म्याडम, एवढं तर आमी दुकानदारही जपत नाही." नवं घ्यायला अक्कल लागत नाही. जुनं चालवायला लागते.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज प्रवेश घ्यायला कोण यावं — भाऊरावांची सारिका! तालुक्याच्या कचेरीतले भाऊराव क्लार्क, दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. त्यांच्या जागेवर हिला अनुकंपात घेतलं. अट एकच, दोन वर्षांत टायपिंग पास व्हायचं, नाही तर घरी. मागची परीक्षा टायफॉइडमध्ये गेली. आता डिसेंबरची शेवटची. कचेरी सुटली की येईन म्हणाली, नंतर दुसरबीडची एसटी आहे. घरी आई बेबीताई आणि दोन लहान भाऊ, खाणारी चार तोंडं या एका पोरीवर.

तिला माहीत नाही मी कोण ते. मला मात्र ती पक्की माहीत आहे. त्याच कचेरीत क्लार्कची एक जागा निघाली होती. चिन्मय परीक्षेला बसला, घरी येऊन पलंगावर पडून राहिला, दोन दिवस जेवला नाही. "आई, पहिल्या नंबरला होतो मी. जागा अनुकंपात गेली." तेव्हापासून पोरगा घरात बसून मला कॉम्प्युटर शिकवतोय. काहींना बापाचं मरणसुद्धा फळतं. आयत्या बिळावर नागोबा! या लोकांना तर सगळंच आयतं, असं हे म्हणाले. पटलं मला.

तिला सात नंबर दिला.

सात नंबरचं मशीन धडधाकट आहे. कीबोर्डचा काना तेवढा गेलाय. पहिला ठोका वाया जातो, दुसरा उमटतो. कपाटात चार कोरे कीबोर्ड पडलेत. बदलायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. राहू दे म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सारिका आज बोलली. "मॅडम, काना दोन खेपा दाबा लागते." मी म्हटलं, "बोटांत जोर नाही तुझ्या. भाकरी थापतेस ना घरी? तसा जोर लाव." बाकीची पोरं हसली. तीही हसली. मला ते आवडलं नाही, तिनं हसणं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आता तक्रार नाही. करंगळी-अनामिका कशी पडतात बघत होते मागून. काना आला की बोट आपोआप टक-टक. बघतही नाही ती. वेग अठरा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज म्हणे विंडोज मेलं. सकाळी बारा मशीन लावल्या, बाराही सुरू झाल्या. मी चिन्मयला मुद्दाम हाक मारून दाखवल्या. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "नव्या मशीनवर पोरांचा वेग वाढेल, तुला कळत नाही." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ज्याला टायपिंग येतं त्याला हेच मशीन पुरतं. आणि ते खरंच आहे! कुणीही येऊन माझ्या अकरा मशीन तपासाव्यात.

अकरा लिहिलं मी. बारा लिहायला हवं होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बेबीताई आल्या होत्या दिवाळीचं घेऊन. स्टीलच्या डब्यात शंकरपाळे, चिवडा, वर कोरा रुमाल बांधलेला. दारातच उभ्या. आत या म्हटलं तर चपला बाहेर काढून, पदर सावरून, मुलांच्या बाकावर टेकल्या. "माह्या पोरीचं सारं तुमच्या हातात हाय, बाई. थे म्हणते, मॅडम कडक हाय पण हात बसवून देते. तिचे बाबा असते तं त्यायनंच आणून सोडलं असतं तिले."

मी चहा विचारला. नको म्हणाल्या. मला बरं वाटलं, कारण कोणत्या कपात द्यायचा हा प्रश्न पडला असता. हे मी इथे लिहितेय, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

डबा रिकामा करून दिला. चिवडा यांनी आणि चिन्मयने संपवला. छान होता म्हणाले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चार नंबरवाली प्रेरणा आज आली नाही. सारिका माझी नजर चुकवून तिच्या जागेवर बसली. पाच मिनिटांनी हाक — "मॅडम, हे काऊन होऊन राह्यलं?"

जाऊन बघितलं. प्रत्येक शब्दाला दोन-दोन काने. अख्खा परिच्छेद काठ्या रोवलेल्या शेतासारखा दिसत होता. तिचं बोट थांबतच नव्हतं. एक दाबायचा ठरवून बसली तरी दुसरा पडायचाच. तीन महिन्यांची सवय.

मी घाबरले. आणि त्याच क्षणी, खरं लिहायचं तर, आनंदही झाला. तोपर्यंत मी नुसती चिमटे काढत होते. यातून एवढं होईल हे डोक्यात नव्हतं. आता आलं.

"परीक्षेले कसं मशीन राहते, मॅडम? आपल्या सात नंबरवानीच ना?"

मी "हो" म्हटलं.

"मंग मी सातवरच बसते. तिथंच हात बसेल माहा." आणि उठून गेली आपल्या जागेवर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इंद्रभान आला होता. नऊ नंबरचा पंखा बदलला. जाताना सगळ्या मशीन तपासत सातपाशी थांबला. "म्याडम, याचा कीबोर्ड गेला. टाकू का दुसरा?" सारिका समोरच बसलेली. मी म्हटलं, "त्याला काही झालेलं नाही. जुनं आहे म्हणून लगेच फेकायचं का?" तो माझ्याकडे बघत राहिला. सात वर्षं ओळखतो मला. कीबोर्डच्या बाबतीत मी असं कधी बोलले नाही हे त्याला माहीत आहे. त्याने बॅग उचलली आणि गेला.

सारिका म्हणाली, "बरोबर हाय मॅडम. जुनं तं जुनं, पण सवयीचं."

वेग बत्तीस, चुका दोन. सातवर.

५ डिसेंबर, शुक्रवार

परीक्षेला अकरा दिवस. प्रेरणा आता सकाळी येते, चार नंबर संध्याकाळी रिकामं असतं. एक आठवडा तिला तिथं बसवलं तर हात सुटेल, मला माहीत आहे. इतक्या वर्षांत किती वाकड्या बोटांना मी सरळ केलंय. आज तीनदा तोंडापर्यंत आलं. मग रात्री घरी आले तर चिन्मय तसाच पलंगावर आडवा. सव्वीस वर्षांचा घोडा, दाढी वाढलेली, टीव्ही लावलेला. याचं वय होतं कचेरीत खुर्चीवर बसायचं.

नाही बोलले.

१६ डिसेंबर, मंगळवार

बुलढाण्याला परीक्षा केंद्रावर माझी नऊ मुलं होती. मी नेमाने जाते, बाहेर थांबते. आतल्या मशीन सगळ्या कोऱ्या, या वर्षीच घेतलेल्या. बटणाला नुसता हात लागला तरी अक्षर उमटतं.

प्रेरणा हसत आली. बाकीची बरी. सारिका शेवटी आली. चेहरा रडका नव्हता, गोंधळलेला होता. "मॅडम, मी खोडत बसली. उतारा अर्धाच झाला." मग म्हणाली — "थे मशीन आपल्या सातवानी नव्हतं." मी म्हटलं, "केंद्र बदलतं दर वर्षी. मला काय माहीत?"

ती म्हणाली, "तुमाले कसं माहीत असन." परतीच्या एसटीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली तिनं. मी बसले. दुसरबीडच्या फाट्यावर ती उतरली.

३० जानेवारी २०२६, शुक्रवार

निकाल. आठ पास. एक नापास.

मला वाटलं होतं जेवण गोड लागेल. लागलं नाही. पण वाईटही वाटलं नाही, उगाच कशाला खोटं लिहू. चिन्मयला सांगितलं, तुझ्या जागेवरची गेली बघ. तो म्हणाला, "कोण?" मी सांगितलं. त्याने नुसतं "अच्छा" म्हटलं आणि आंघोळीला गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

सारिकाला कचेरीतून कागद मिळाला. सेवा समाप्त. बावीस वर्षांची पोरगी, आणि समाप्त. प्रेरणाने सांगितलं. वर हेही सांगितलं की गावात बोललं जातंय, "शैलजाबाईच्या जुन्या डबड्यानं पोरीची नोकरी खाल्ली."

डबडं! दोन प्रवेश रद्द झाले आज.

१४ फेब्रुवारी, शनिवार

यांनी माझ्यासमोर फोन लावला. बारा नवी मशीन, हप्त्यांवर. चिन्मयच्या ओळखीचा दुकानदार. जुन्या मशीन मलकापूरचा भंगारवाला उचलणार. मी म्हटलं, मशीनचा दोष नव्हता. हे म्हणाले, "मग कुणाचा होता?"

काय सांगणार होते मी? की मशीन चांगलं होतं, तेरा वर्षं मी त्याला मरू दिलं नाही, आणि एक कीबोर्ड मी मुद्दाम मेलेला ठेवला? एवढी वर्षं मी सगळ्यांना ओरडून सांगत आले, जुन्यात खोट नसते, जपणाऱ्यात असते. आता हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. चिन्मय म्हणाला, "आई, सुरुवातीलाच ऐकलं असतंस तर ती पोरगी वाचली असती." तो हे माझ्या तोंडावर म्हणाला आणि मी ऐकून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा शनिवार नव्हता, तरी ब्लोअर घेऊन बसले. बाराही पुसल्या. भंगारात जायच्या मशीन पुसायच्या — वेडेपणा. एसएसडी काढून घ्यायला हवी होती, नाही काढली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

टेम्पो यायच्या आत सारिका आली. बारीक झालीय. "मॅडम, सात नंबर भंगारातच जाणार हाय तं मले द्या ना. फाट्यावर अर्ज लिहून द्यायचं दुकान टाकीन म्हणते. त्याच्यावर मी चुकत नाही."

घेऊन जा म्हटलं. ती पाया पडायला वाकली तशी मी मागे सरकले. बाहेर तिचा भाऊबंद धम्मरत्न रिक्षा घेऊन उभा होता. मॉनिटर, डबा, वायरी, सगळं मी हातानं बांधून दिलं.

कीबोर्डवर येऊन थांबले. कपाट उघडं होतं. चारही कोरे, प्लॅस्टिकमध्ये. एक काढून दिला असता तर आठ दिवसांत तिचा हात सुटला असता. पुढच्या परीक्षेला बसली असती, नोकरी नाही तर निदान सर्टिफिकेट. पण मग तिला कळलं असतं. पहिल्याच ओळीत कळलं असतं — कीबोर्ड बदलला, काना एकच उमटला, म्हणजे बाई इतके दिवस —

तोच जुना कीबोर्ड वरून बांधला.

"मॅडम, लय जपलं तुमी याले," ती म्हणाली. "मीबी जपीन."

२ मार्च, सोमवार

नवी मशीन लागली. चिन्मयने फीत कापली. छान आहेत. मला त्यांची पोटं उघडता येत नाहीत, सील आहे.

८ मार्च, रविवार

जेवताना चिन्मय मित्राच्या लग्नाचं काही सांगत होता, बोलता बोलता निघून गेलं त्याच्या तोंडातून. कचेरीच्या त्या परीक्षेला तो गेलाच नव्हता. हॉलतिकीटसुद्धा काढलं नव्हतं. त्या दिवशी तो आणि सगळे मित्र त्या लग्नाला शेगावला होते. मी बघत राहिले, तर म्हणाला, "तेव्हा तू केवढी आशा लावून बसली होतीस, आई. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, जागा दुसऱ्या कुणाला गेली."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली.