दुसरी व्यक्ती आढळली

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
आषाढ सरत आलाय

चि. सरिता हिस आक्काचे पोटभर आशीर्वाद. (आता तू प्राध्यापक झालीस, तेव्हा 'माननीय मॅडम' असं लिहावं, असं तुझ्या दाजींचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, जिचा शेंबूड मी पदरानं पुसला तिला मी मॅडम म्हणायची नाय.)

इकडं सगळं खुशाल. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, म्हणजे माझं ऐकत नाहीत. दाजींची शुगर वर आणि तोंड खाली, कारण मी जिलबी बंद केलीय. नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी तेवढाही येत नाय, पण त्याची आता सवय झाली. तुझी तब्येत कशी आहे हे रीतीप्रमाणं विचारायला पाहिजे, पण तशी गरज नाय, कारण मी तुला रोज बघते. पहिल्यापेक्षा वाळलीस. डोळ्यांखाली काळं आलंय. कुठून बघते म्हणशील, तर आधी हातातलं काम खाली ठेव आणि नीट बस.

झालं असं, की तुला फोन केला की तुझं एकच पालुपद. 'आक्का, नंतर करते गं, असाइनमेंट तपासायच्यात.' आता ही असाइनमेंट कोण बया आहे ते मला आधी कळेना. दिवाळीला तीच आडवी, संक्रांतीला तीच, दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही तीच. आणि तुझं ते 'नंतर' काही अजून उजाडलं नाय. रोज रोज वाट बघून मी हैराण झाले, आणि मग एक दिवस भाकरी थापता थापता मला सुचलं, की हिला आपल्या बहिणीपेक्षा असाइनमेंटच प्यारी असेल, तर आपण असाइनमेंटवालीच व्हावं. त्याच दिवशी दाजींना लॅपटॉप उघडायला लावला आणि तुमच्या त्या ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलं. अभ्यासक्रम, मराठी संवादकौशल्य. शिकवणार, सरिता मॅडम. व्हय, तुझ्याच वर्गात आहे मी. दचकू नको, चहा सांडशील.

मला वाटलं होतं, ऑनलाइन म्हणजे काय, घरबसल्या बघायचं आणि पास व्हायचं. कसलं घरबसल्या! बसायलाच मिळंना. सोमवारी तुझे व्हिडिओ सुटतात. ते संपले की वाचायला पीडीएफ, एवढी लांब की सरकवून सरकवून बोट दुखतं. मग प्रश्नमंजूषा. मग चर्चामंचावर आपलं मत मांडायचं, मग दुसऱ्या दोघांच्या मतावर मत मांडायचं, मग असाइनमेंट, आणि ती दिली की वर तीन अनोळखी पोरांच्या असाइनमेंट आपणच तपासायच्या. (म्हणजे तुझं काम आमच्या गळ्यात, आणि तरी तुला फोनला वेळ नाय?) मी तिघांनाही पैकीच्या पैकी दिले. कारण लिहा म्हणाले, तर लिहिलं, 'लेकरू गुणी वाटतं.' त्यावर मलाच ताकीद आली, की अभिप्राय निकषांना धरून नाही. सगळं रविवारी दिवेलागणीच्या आत द्यायचं, नाहीतर दार बंद, मग किती का कपाळ बडवा. माझी दोन कालवणं करपली, एकदा दूध उतू गेलं, आणि दाजी शहाण्यासारखे दही-भात कालवून घ्यायला शिकले. एवढं काम तर मी दोन लग्नघरांत मिळून केलं नव्हतं. प्रश्नमंजूषेत विचारलं, चांगला श्रोता कसा असतो? खाली चार उत्तरं. मला चारही बरोबर वाटली, आणि तू चारांतली एकही नायस, म्हणून रागानं काहीच दाबलं नाय. शून्य मिळालं.

पण खरं सांगू का? तू पडद्यावर येऊन 'नमस्कार विद्यार्थी मित्रहो' म्हणालीस, की मी इकडून हात जोडते. दाजी हसतात. हसू देत. मधल्या एका व्हिडिओत तुझा आवाज बसला होता, नाक लाल, दर दोन वाक्यांना रुमाल. माझा जीव खालवर झाला. उठले, सुंठ कुटली, गवती चहा आणला आणि पातेलंभर काढा केला. काढा केल्यावर ध्यानात आलं, की आता हा पुण्याला कसा पाठवायचा. तेवढ्यात दाजींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, अगं, हा व्हिडिओ मागच्या वर्षीचा आहे. म्हणजे तुझी सर्दी वर्षाखाली होऊन बरीपण झाली, आणि मला पत्ता नाय! तो काढा मग दाजींना पाजला. त्यांना काहीच झालं नव्हतं.

आणि ती तुझी भाषा! 'येथे', 'तेथे', 'आपण पाहूया'. हर्सूलची पोरगी ती तूच का, अशी शंका यावी. पण पाचव्या धड्याच्या शेवटी तुमचा कॅमेरावाला बंद करायचं विसरला वाटतं. तू कागद गोळा करतेस, पदरानं वारा घेतेस आणि स्वतःशीच म्हणतेस, 'आई गं, लई उकडतंय.' सरे, तेवढंच मी किती वेळा मागं नेऊन ऐकलं असेल ते विचारू नको. त्या धड्यात काय शिकवलंय ते मला ठाऊक नाय. मध्येच कधी व्हिडिओ आपोआप थांबतो आणि पडद्यावर विचारतो, तुम्ही अजून पाहत आहात का? मी म्हणते, व्हय बाबा, बघतेय, मी कुठं जाते, इथंच आहे.

चर्चामंचावर मी एकदा न राहवून लिहिलं, 'सरे, जेवलीस का?' तर खाली पोरांची रांग. 'मॅडम, जेवलात का?' 'मॅडम, वेळेवर जेवा.' तू काही उत्तर दिलं नाहीस. पुढच्या आठवड्यात विषय आला, संवादातील अडथळे. मी लिहिलं, समोरचा माणूस फोन उचलत नाही हा मुख्य अडथळा. त्याला पोरांनी एवढे अंगठे दिले, की माझं मत आठवडाभर सगळ्यात वर होतं. तू ते वाचलं असशीलच, पण पडद्यावर माझं नाव येत नाय, नुसता विद्यार्थी आणि पुढं लांबलचक आकडा, मग तुला कळावं तरी कसं?

आता त्या थेट वर्गाचं, म्हणजे तुझ्या लाइव्ह तासाचं सांगते. तुझा तास आणि आमचा नळ एकाच वेळी आला. इथं नळ आला की माणूस देवपूजेवरनं उठतो, हे तू पुण्यात राहून विसरली असशील. मी पाइप घेऊन पळाले आणि ओरडले, अहो, मोटर लावा, मोटर! आधी वरची टाकी! तो माइक म्हणे चालूच होता. सगळ्या वर्गानं माझी मोटर ऐकली. आणि सरे, तू बोलता बोलता थांबलीस. चष्मा वर सरकवलास. मी दारात पाइप धरून उभी, पाणी पायावर सांडतंय, आणि माझ्या मनात आलं, ओळखलं! आता म्हणेल, आक्का? पण तू म्हणालीस, 'ज्यांचे माइक सुरू आहेत त्यांनी कृपया बंद करावेत,' आणि तिकडनं कळ दाबून मला गप्प केलंस. राग नाय आला म्हणणार नाय. चांगला आला. लहानपणी तू बोबडी होतीस, तुझं बोलणं अख्ख्या घरात मला एकटीला कळायचं. आईलासुद्धा मीच सांगायची, सरीला पाणी पाहिजे, सरीचं पोट दुखतंय. त्या मला तू म्यूट केलंस. असो, टाकी भरली.

मग परीक्षा. लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. आधी त्याला सगळी खोली फिरवून दाखवायची, कुठं कॉपी लपवलीय का म्हणून. दाखवली. देव्हाराही दाखवला. पहिले तीन प्रश्न बरे गेले, चौथ्याला शेजारच्या द्वारकाबाई वाटी घेऊन आत. (दार वाजवायची पद्धत त्यांच्या घराण्यात नाय.) विरजण पाहिजे होतं. मी हातानं खुणावते, जा, जा, तर त्यांना वाटलं मला लकवा भरला, त्या आणखी जवळ आल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'तुमच्या खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा रद्द करण्यात येत आहे.' द्वारकाबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, माझ्याबद्दलच हाय का हे? मी म्हटलं, व्हय, तुमचंच नाव निघालंय. विरजण दिलं आणि लाल अक्षरांकडं बघत बसले. घरात दुसरी व्यक्ती आढळणं हा गुन्हा कधीपासून झाला गं? आमच्या घरात तर आता ती आढळंनाच झालीय. दाजी दिवसभर बाहेरच्या बाकावर, तू तिकडं, आणि मी लॅपटॉपपुढं.

पंचमी तोंडावर आलीय. आई गेली आणि हर्सूलच्या घराला कुलूप लागलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, की आता सरीचं माहेर म्हणजे माझं दार. दरवर्षी दारातल्या कडुलिंबाला झोका बांधते. पुरणाची दिंडं करते, तुझ्या मापाच्या बांगड्या ठेवून देते, हिरव्या. झोक्यावर द्वारकाबाईंची नातवंडं बसतात. मी त्यांना उठवत नाय, पण मला तिकडं बघवतही नाय. हर्सूलला तू माझ्या मांडीवर बसून झोका घ्यायचीस आणि भीती वाटली की माझ्याच दंडाला चावायचीस. तुझी लई आठवण येते, सरे. लई म्हणजे लई. दाजी सांगतात, की मी पास झाले की अभ्यासक्रम संपतो आणि सगळे व्हिडिओ बंद होतात. म्हणजे अभ्यास करावा तर तू जातेस, आणि न करावा तर तुझ्याच नावाला बट्टा, की आपल्याच बहिणीला शिकवता आलं नाय. यावर पीडीएफमध्ये काही नाय, मी शोधलं.

एवढ्या पोरांचं तू तपासतेस, तुझं कोण बघतं? वेळेवर जेव. सुंठ घरात ठेव. दाजींचा आशीर्वाद, त्यांच्या पेनातली शाई मी संपवत आणलीय म्हणून ते कुरकुरतायत.

तुझीच,
आक्का (मालन)

ता. क. हे पत्र टपालानं का नाय आलं, असं तुला वाटलं असेल. कारण हीच असाइनमेंट आहे. 'जवळच्या नातलगास अनौपचारिक पत्र लिहा.' दाजी पानांचे फोटो काढून चढवतायत. शब्दमर्यादा दोनशेची होती, ती पहिल्या पानालाच गेली. शिक्षकानं आठ दिवसांत पूर्ण वाचून अभिप्राय द्यायलाच पाहिजे, असा तुमचा नियम आहे. फोनसाठी असा नियम कुणी केला नाय, म्हणून ही उठाठेव.

ता. क. वर आठवणीबिठवणीचं जे लिहिलंय ते मनावर घेऊ नको. निकषांत 'जिव्हाळा' याला पाच गुण आहेत, ते मिळवायला तसं लिहावं लागतं. (चार दिलेस तर मी तक्रार करीन.)

ता. क. राहिलंच. फेरपरीक्षेची तारीख आली. नेमकी पंचमी, सकाळी अकरा वाजता. द्वारकाबाईंना मी विरजण आदल्या दिवशीच देऊन ठेवणार आहे. दाजी बाकावर असतील. दाराला कडी लावणार नाय. तू पहाटेच्या गाडीनं नीघ, बेल वाजवू नको, चपला काढ आणि सरळ आत येऊन माझ्या मागं उभी राहा. परीक्षा रद्द झाली तर झाली. ती लाल अक्षरं मला एकदा तुझ्यासाठी वाचायचीत.