खारा चिखल आणि रफिकभाईंच्या चपला

सोमवार, मार्च १९८२. कोल्हापूर.

कुरुंदवाडचे रफिकभाई तिकडं रत्नागिरीच्या खाडीत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावतात. आज डब्यातून चिखल घेऊन आमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत आले. नव्या झाडांखालच्या मातीत कर्ब साठायला लागला का, एवढंच त्यांना हवं होतं. मी नेहमीसारखी परीक्षा केली. आकडा आपल्या उसाच्या रानापेक्षाही वर. "म्हंजे झाडं कामाला लागली की, बाई," म्हणाले आणि सगळ्यांना चहा पाजला. जाताना त्यांच्या चपलांना पांढरी किनार दिसली. मी हसले. असली चप्पल घालून चिखलात कोण जातं?

आता भाकरी थापताना ती पांढरी किनार परत आठवली. मीठ होतं ते. डब्यातल्या चिखलातही तेच, आणि परीक्षेतलं रसायन मीठही कर्बासारखंच खातं, म्हणून आकडा फुगतो. खारी माती आधी धुवायची असते. शिकलेय की मी. पण इथं रोज उसाची माती, धुणार कोण?

निम्मा आकडा तरी खरा असेल? कुणास ठाऊक. उद्या माती धुऊन परत परीक्षा करते. पण रफिकभाई सकाळच्याच गाडीनं जाणार, आणि जाऊन त्याच आकड्यावर वनखात्याच्या साहेबांकडं आणखी रोपं मागणार. आधी स्टँड गाठायला हवा. तोंडाकडं बघून सांगणं जमायचं नाही. चपलांकडं बघूनच सांगेन.