सांता मार्ताच्या घोड्यांची दुसरी फेरी

मी, क्रिस्पुलो बारतोलाय, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी घोडे सांभाळणे व हल्ली घोड्यांविषयी बोलणे, राहणार सान इसिद्रो, मास्बाते बेट, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते असे वकील बेल्त्रानबाई म्हणतात. माझी पत्नी रोसेंदा नऊ वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. तेव्हा कोणाला काय द्यायचे हा सर्वस्वी माझा प्रश्न आहे. त्याबाबत पुतण्याने केलेल्या सर्व सूचना मी ऐकून घेतल्या व सोडून दिल्या. एका पानात सगळे बसेल असे बाईंचे मत होते. बाई अजून लहान आहेत.

कलम १. मला रोसेंदाशेजारी पुरावे. पेटी साधी असावी. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना बकऱ्याचे मटण घालावे आणि पत्ते खेळू द्यावेत, मात्र नेस्तोरला पत्ते पिसू देऊ नयेत. तो माझा जिवाभावाचा मित्र आहे, म्हणूनच मला माहीत आहे.

कलम २. राहते घर माझ्या भावाचा मुलगा दान्ते, जो शहरात व्हॅन चालवतो, त्याला द्यावे. घराचा पत्रा गळतो. मी तो दुरुस्त केलेला नाही, कारण दान्ते दर नाताळात तो दुरुस्त करण्याचे वचन देऊन जातो. आता स्वतःच्या डोक्यावर गळायला लागला की करील.

कलम ३. खोगीर, नाल ठोकायचा हातोडा, खुरांची कानस आणि तिन्ही दोर मेर्लिंडाला द्यावेत. ती गावातल्या जनावरांचे औषधपाणी बघते. एप्रिलच्या शर्यतींत तिने वासराला दोर टाकून आडवे पाडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारी बसलेला तिचा नवरा तेव्हा टोपीआड तोंड लपवून बसला होता. त्याला यातले काही देऊ नये, तो कानशीने नारळ खरवडेल.

कलम ४. सेनेटर फोर्तुनातो आल्मेंद्राल यांची पांढरी टोपी माझ्याकडे आहे. ती त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवली होती. मला ती कानांपर्यंत येते. निवडणुकीच्या सगळ्या पोस्टरांवर घोड्यावर बसलेल्या साहेबांच्या डोक्यावर हीच आहे. ज्या कंपनीने त्यांचा जुना बंगला घेऊन पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, तिला ही टोपी द्यावी. पण अट अशी. कंपनीने फाटकाशी पाटी लावली आहे: ‘सेनेटर आल्मेंद्राल यांचा प्रसिद्ध सांता मार्ता रँच. येथे एके काळी दोनशे चौदा घोडे होते.’ हा आकडा खोडावा. तो मी तयार केलेला आहे, त्यामुळे तो खोडण्याचा हक्क मला पोचतो.

खरा इतिहास असा आहे. पहिले बारा घोडे साहेबांच्या वडिलांनी बोटीने आणले. तेव्हा धक्का नव्हता, म्हणून एकेकाला समुद्रात ढकलले आणि ते पोहत किनाऱ्याला लागले. माझे वडील छातीएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांच्या गळ्यात दोर अडकवत होते. त्याबद्दल त्यांना नोकरी मिळाली आणि पुढे तीच मला. साहेब मोठे झाले, राजधानीत गेले, पेपरात रोज फोटो यायला लागला, तरी महिन्यातून एकदा इकडे यायचेच. त्यांना प्रत्येक घोड्याचे नाव पाठ होते. घोडे सांभाळणारे आम्ही बारा जण होतो, त्यांतल्या तिघांचीही नावे त्यांना ठाऊक होती. त्या तिघांत मी होतो, म्हणून मी गावात छाती काढून चालत असे. मला साहेब आवडत. आता ते लपवून काय करू?

कलम ५. यात द्यायचे काही नाही, सांगायचे आहे. बाई म्हणाल्या की मृत्युपत्रात कबुली बसत नाही. मी म्हटले, दाटीवाटीने बसवा.

सन १९९१ मध्ये कसेल त्याला जमीन देण्याचा कायदा आमच्या बेटावर येऊन पोचला. जनावरे चरतात ती जमीन मात्र त्यातून सुटत होती. हिशेब असा की हेक्टरी एक जनावर दाखवायचे. सांता मार्ता दोनशे बारा हेक्टर, आणि घोडे एकशे सात. साहेबांनी मला बोलावले. हुकूम असा काही दिला नाही. “पुलो, जमीन गेली तर घोडे बोटीवर चढतील,” एवढेच म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढची सगळी अक्कल माझी.

मोजणीला आलेल्या सरकारी माणसाला आम्ही झाडाखाली बसवले. पुढ्यात भाजलेला बकरा, हातात वही. मी घोडे टेकडीच्या पुढच्या अंगाने एका रांगेत काढले, मागे ओढ्यात उतरवले आणि वळसा घालून पुन्हा पुढे आणले. ओढ्यात माझी दोन माणसे बादल्या घेऊन उभी होती. ज्यांचे पाय पांढरे त्यांना करवंटीची काजळी फासली, ज्यांचे कपाळ कोरे त्यांना चुन्याचा टिळा लावला. खोटे कशाला बोलू, मला मजा येत होती. एवढे नेटके काम मी आयुष्यात दुसरे केले नाही.

त्या ओढ्याकाठचा तीन हेक्टरांचा तुकडा माझ्या रोसेंदाचे थोरले भाऊ हिलारियो, ज्यांना आम्ही ‘मनोय’ म्हणजे दादा म्हणतो, कसत होते. त्यांच्या वडिलांनी तिथले रान तोडून तो काढलेला. कायद्याने तो त्यांच्या नावावर व्हायचा होता. ते बांधावरून बघत होते. दुसऱ्या फेरीत एक घोडी गेली तशी त्यांनी हात वर केला.

“साहेब, ही फाटक्या कानाची मघाशी गेली की. हिला मी दोनदा बघितली.”

सरकारी माणसाने पेन्सिल थांबवली आणि माझ्याकडे पाहिले. सगळा गाव माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, “मनावर घेऊ नका, साहेब. आमचे मनोय सकाळपासून ताडीवर आहेत.”

लोक हसले. सरकारी माणूस सगळ्यांत जास्त हसला आणि त्याने दोनशे चौदा लिहिले.

मनोय हिलारियो यांनी जन्मात ताडीला तोंड लावलेले नाही. हे मला ठाऊक होते, रोसेंदाला ठाऊक होते. महिनाभरात त्यांना जमिनीवरून उठवले. ते किनाऱ्यावर जाऊन लोकांची जाळी विणू लागले. गावाने त्यांचे नावच ‘ताडीमामा’ पाडले. शेंबडी पोरेसुद्धा त्यांच्यामागे झोकांड्या खात चालायची. ही एकतीस वर्षे ते माझ्याशी बोललेले नाहीत. रोसेंदाला मातीत ठेवताना आम्ही खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो आणि मान मीच खाली घातली. मला शरम वाटते. ती तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा घोडे होते.

घोडेही राहिले नाहीत, हेही लिहून ठेवतो. साहेब वारले, त्यांच्या दोन्ही मुलांचे पटेना, आणि एका आठवड्यात सगळे घोडे विकून बोटीवर चढवले. सरकारी लोक पुन्हा आले तेव्हा गवत कमरेएवढे वाढले होते आणि त्यात मोजायला एक शेळीसुद्धा नव्हती. म्हणजे मी जे वाचवायला गेलो ते तर गेलेच.

कलम ६. त्यानंतर रँचची जमीन राबणाऱ्यांत वाटली. यादीत माझे नाव होते. मनोयना जमिनीवरून आधीच उठवलेले, म्हणून त्यांचे नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत ओढ्याकाठचे तेच तीन हेक्टर निघाले, मनोयनी लावलेल्या सात आंब्यांसकट. मी घेतले. रोसेंदा मला आंबे कापून द्यायची, स्वतः मात्र तिने त्यांतला एकही कधी तोंडात घातला नाही. मीही कधी विचारले नाही.

हे तीन हेक्टर, झाडांसह, मी मनोय हिलारियो पान्साक्ता यांना देतो. दान्तेने हरकत घेऊ नये. कंपनी त्या तुकड्याला काय भाव देते हे त्याने मला चार वेळा सांगून झाले आहे.

सह्यांबाबत. पुढचा मजकूर सही करण्यापूर्वी, बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघत, मी स्वतःच्या हाताने वाढवला आहे.

कलम पाच मी मेर्लिंडाकरवी मनोयना वाचून दाखवायला पाठवले होते. उत्तर आले नव्हते. आज सह्यांसाठी आम्ही पंचायतीच्या खोलीत जमलो. साक्षीदार तीन लागतात, आले दोन, तिसऱ्याची होडी अजून समुद्रात. तेवढ्यात मनोय काठी टेकत आत आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. वय पंच्याऐंशी. त्यांनी बाईंना कलम पाच मोठ्याने वाचायला लावले. वाचून झाल्यावर म्हणाले, परत वाचा. खिडकीत माणसे जमली होती, त्यांतला कोणी हसला नाही. मग त्यांनी पेन मागितले.

बाई म्हणाल्या, “आजोबा, थांबा. जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर जमीन गेली.”

“जमीन एकदा गेलीच आहे, पोरी. तिच्यावाचून जगायची सवय झाली मला. मी जे पाहिलं त्याची साक्ष द्यायची तेवढी राहिलीय.”

आणि ते खुर्ची ओढून बसले. मी बाईंना खुणेने विचारले, यावर काहीच उपाय नाही का. बाईंनी पुस्तक काढले, बोट फिरवले आणि सांगितले की त्यांच्याखेरीज दुसरे तीन साक्षीदार असतील तर त्यांचा वाटा शाबूत राहतो. दोन हजर होतेच. बाहेर बाईंचा ड्रायव्हर केळे खात बसला होता, त्याला हात धुवायला लावून आत आणला. मनोयना हे सांगितले. ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा, आधी मला कागद द्या. त्यांना नुसती सही करायची नव्हती, वर एक ओळ लिहायची होती. बाईंनी नियम सांगून पाहिला आणि मग कागद पुढे सरकवला.

ठिकाण: सान इसिद्रो, मास्बाते. दिनांक १४ मे २०२२, दुपारी साडेतीन.

लिहून ठेवणार: क्रिस्पुलो बारतोलाय

आम्हां सर्वांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार:
१. आवेलिना द्रापेसा, शिक्षिका
२. तेओदोरो मागब्यू, न्हावी
३. रोदेल सुमालपोंग, ड्रायव्हर
४. त्या दिवशी मी शुद्धीत होतो. हिलारियो पान्साक्ता