मराठीचं लॉक

२८ मार्च २००५

मेलं! मशीन मेलं. सकाळपासून निळा पडदा आणि वर पांढरी अक्षरं. बंद करून चालू केलं तरी तेच. याला नेमकं चौदा एप्रिलच्या जयंतीच्या तोंडावर मरायचं होतं! वस्तीचं पत्रक दरवर्षी माझ्याच दुकानातून निघतं. अख्ख्या डोंगरकड्यात मराठी टाइप करून देणारं दुसरं आहे कोण?

भीमराजला फोन केला. म्हणाला, "पाठवून दे कळमनुरीला. सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो." कॉम्प्युटरच्या क्लासला आम्ही दोघं एकाच मशीनवर बसायचो. बाकीची पोरं मला माऊसला हात लावू द्यायची नाहीत, यानं मला स्क्रू ड्रायव्हर हातात देऊन मशीन उघडायला शिकवलं. त्याच्यावर माझा डोळे झाकून विश्वास.

३० मार्च

आबा काळीपिवळी जीपमधून मशीन घेऊन गेले. मांडीवर धरून, लेकरू धरावं तसं. मी झेरॉक्सवर बसले.

सोबत लॉकही दिलं. ते मशीनला लावल्याशिवाय भीमराजला मराठी तपासता कसं येणार? आहे एवढंसं खोकं, मागे प्रिंटरच्या जागी लावायचं, पण ते नसलं तर मराठीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. हरवलं तर कंपनी दुसरं देत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी ते काढते आणि आबा सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणतात. ते काम त्यांचंच. मायलाही हात लावू देत नाहीत! चारचौघांत छाती काढून सांगतात, "पोरीचं दुकान माह्या खिशात हाय."

साखऱ्याच्या पाहुण्यांची पसंती आलीये. मुलगा मास्तर आहे. बरा वाटला. पण दुकान चालूच राहणार, हे मी आबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलतो न् त्यांच्याशी. तू कायले घोर करतीस?"

१ एप्रिल

मशीन आलं. चालू केलं – काळा पडदा! डिस्क चुकीची, बदला आणि कुठलंही बटण दाबा म्हणे. दाबून दाबून बोट दुखलं. मग दिसलं, फ्लॉपी आतच राहिलेली. आज एक एप्रिल, मशीननंही मला उल्लू बनवलं! फ्लॉपी काढली, झालं सुरू. पण चित्रं ही एवढी मोठी आणि रंग सगळे विटलेले. शिवाय तारीख दाखवतं १ जानेवारी १९८०. तेव्हा तर मी जन्मलेही नव्हते!

२ एप्रिल

स्क्रीनची सीडी शोधून घातली, रंग आले. आतला सेल बदलला, तारीख टिकली. दर वेळी एफ-वन दाबायला लावत होतं, तेही थांबलं. कुणाला न विचारता केलं सगळं! मायला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आता काय करू, ववाळू का याला?"

मग मराठीची सीडी घालून सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं आणि उघडायला गेले. "लॉक सापडले नाही." मागे हात घालून पाहिलं. जागा रिकामी.

आबा म्हणाले, "मी त्याच्याच हातात देलतं."

३ एप्रिल

बूथवरून भीमराजला फोन. "ज्योती, लॉक माह्याकडं आलंच न्हाई. नुसतं मशीन आलं."

खोटारडा. आबा खोटं बोलतील होय?

४ एप्रिल

काहून केलं असंल त्यानं असं? मागितलं असतं तर दोन दिवस वापरायला दिलं नसतं का मी?

६ एप्रिल

जयंती मंडळाचे भिवाजीकाका पत्रक घेऊन आले. छापून! "तुझं मशीन बंद म्हून कळमनुरीला देलं, बाई. भीमराजनं करून देलं." वळणदार मराठी अक्षरं, माझ्याकडची होती तीच. मागच्या महिन्यापर्यंत त्याच्याकडं मराठी नव्हतं!

तशीच गाडीत बसले. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "चोर आहेस तू. माझं लॉक काढ." त्याचा चेहरा पार उतरला. म्हणाला, "मी माह्यं सोताचं आणलं, ज्योती. तुझ्या आबाले इचार." माझ्या आबांचं नाव घेतो! येताना गाडीभर रडले, लाज सोडून.

७ एप्रिल

आज दुकान उघडलंच नाही. आबा जवळ येऊन बसले. डोक्यावर हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे, बाई. लग्नानंतर हे लचांड कुठं नेणार होतीस?" त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडले. जगात एकच माणूस आपलं.

१० एप्रिल

साखऱ्याचे पाहुणे तारीख ठरवायला आले. मी चहा दिला. मुलाची आत्या, जिवनबाई, माझा हात धरून म्हणाली, "दुकान बंद केलंस ते लई चांगलं केलंस. आमची तेवढीच अट होती. तुला पाहायला आलो त्या रोजीच तुझ्या आबांनी शबूद देला."

त्या दिवशी मशीन धडधाकट होतं. मी त्याच्यावर गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका करत होते!

आबांकडं पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत राहिले. चहा कधीचाच थंड झाला होता.

११ एप्रिल

विचारलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि लॉक टेबलावर ठेवलं. "तुला तोंडावर सांगवलं न्हाई, बाई. मशीन आपसूक बिघडलंच होतं. म्हणलं, दुकान असंच बंद पडलं तर तू माह्यावर रुसणार न्हाईस."

लॉक लावलं. मराठी लगेच उघडली. दिवसभर काम केलं, रडू काही आलं नाही. उद्या आधी कळमनुरीला जायचं. भीमराज दारात तरी उभं करील का?

संध्याकाळी आबा रोजच्यासारखे दुकानात आले. मी लॉक काढलं. त्यांनी हात पुढे केला.

मी ते माझ्या पर्समध्ये टाकलं.