सुरीवरून काढलेला गोंडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मासेमारीच्या सुऱ्यांना दोऱ्या व गोंडे करून देणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या भिडेने नव्हे तर स्वतःच्या मनाने, माझ्या मागे काय कोणाला जावे हे लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी लिहिले आहे ते खरे आहे. डोक्याविषयी त्यांना काही सापडले नाही. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली. दोन्हींत एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणून ती रद्द समजावीत.

१. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते. तिला धक्का न मारता जरा वर उचलून ढकलावी. जावई धक्के मारतात. बँकेतली ठेव दोन्ही नातींना सारखी वाटावी.

२. शिवणयंत्र नणंदबाईंना द्यावे. गेली चाळीस वर्षे त्यांचा त्याच्यावर डोळा आहे आणि ते मी त्यांना एकदाही वापरू दिलेले नाही. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी द्यावे.

३. टोचे, लाकडी साचे, मेणाचा गोळा आणि दोऱ्यांची रिळे शेजारच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. हे त्यांना मी जिवंत असेपर्यंत कळू नये.

सुरीला दोरी आणि गोंडा कशाला, असे धक्क्यावर नवी आलेली माणसे विचारतात. त्यांना बाईंनी नीट सांगावे. ओल्या हातातून सुरी सुटते आणि समुद्र घेतलेले परत देत नाही, म्हणून दोरी. पण ती मनगटात कधी अडकवू नये, कारण बोटीवरच्या दोराच्या यंत्रात गेली तर हातही घेऊन जाते. ती पट्ट्यालाच बांधावी आणि टोकाला एक कच्चा टाका ठेवावा, म्हणजे जोराचा हिसका बसला की आधी टाका तुटेल. गोंडा तर त्याहून कामाचा. आपल्याकडे सुरी मुठीसकट म्यानात जाते, कारण बाहेर राहिलेली मूठ जाळ्यात अडकते. बाहेर लोंबतो तो फक्त गोंडा. हातात जाड रबरी मोजे असले, बोटे गारठून बधिर झाली, तरी गोंडा चिमटीत येतो आणि ओढला की सुरी बाहेर. गोंडा नसेल तर त्या मोज्याने सुरी निघत नाही. दोरी बाहेरून धड दिसते, झिजते ती मुठीच्या भोकात. वर्षातून एकदा सोडून बघावी. आणि सोडली की त्याच बैठकीत परत बांधावी. उठू नये.

४. दाराजवळच्या भिंतीतली खुंटी काढून टाकावी आणि भोक बुजवावे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या खुंटीजवळ भर दुपारी मला एक उजवा हात दिसतो. रबरी मोजा घातलेला. तो कमरेशी काहीतरी शोधत असतो. चेहरा कधी दिसत नाही. एकतीस वर्षे मी त्या दाराने मान खाली घालून जाते. लेकीला वाटते गुडघे दुखतात. दुखतातही.

५. आता राहिलेली गोष्ट.

माझे पती बोटीवर जाळे सोडण्याचे काम करीत. ते गेले त्या आठवड्यात आमच्यात तीन दिवसांचा अबोला होता. कारण लिहायची लाज वाटते. नणंदेसमोर ते म्हणाले, "हिच्या हाताला चव नाही." एवढेच. निरोप लेकीमार्फत जात. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." लेक तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला तो खेळ वाटे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या सुरीची जुनी दोरी गोंड्यासकट सोडली. भोकाशी झिजली होती. नवी वळून ठेवली, पण बांधली नाही. म्हटले, विचारतील, तेव्हा देईन. पहाटे त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढून कमरेला बांधला. बघितलेसुद्धा नाही. एकोणीस वर्षे मी बांधलेले त्यांनी कधी तपासले नव्हते. लेक झोपली होती, म्हणजे निरोप सांगायला कोणी नव्हते. मी शेगडीकडे तोंड करून उभी होते. शब्द जिभेवर आले होते. बोलले असते तर मी हरले असते. दार लागले.

जाळे सोडताना दोराचा फास त्यांच्या घोट्याला बसला आणि दोर त्यांना समुद्रात ओढू लागला. एक घाव घातला असता तर सुटले असते. ते सापडले नाहीत. सुरीही त्यांच्याबरोबरच गेली.

दोराचे यंत्र चालवणारा त्यांचा जोडीदार चौकशीत म्हणाला, "दादांचा हात कमरेशी चाचपडत होता. सुरी निघतच नव्हती." साहेबांनी मला विचारले, "बाई, सुरीला गोंडा होता?" मी म्हणाले, "होता. मी माझ्या हाताने बांधला होता."

मी खोटे बोलले.

मग सगळे धरून चालले की यंत्रवाल्याने यंत्र उशिरा थांबवले आणि आता सुरीच्या गोष्टी रचतो आहे. पुन्हा त्याला कोणी बोटीवर घेतले नाही. तो धक्क्यावर लोकांची फाटकी जाळी विणत बसला. लोक त्याच्याकडून जाळी विणून घेत, पण त्याच्याशी बोलत नसत. लेकी, तू त्याच्या तोंडावर दार लावलेस त्या दिवशी मी आत होते आणि गप्प होते. तुला त्याचा राग मी शिकवला नाही, पण तो वाढताना पाहिला आणि थांबवला नाही. यापुढे तो राग माझ्यावर कर.

हे कलम लेकीने धक्क्यावर, बोटी परत येण्याच्या वेळी, मोठ्याने वाचावे. ते वाचून झाल्याशिवाय बाकी कलमे लागू होणार नाहीत.

६. ~~तळमजल्याची कामाची खोली यंत्रवाल्याला कायमची द्यावी.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण पुढे.

७. वरचे सर्व लिहून झाल्यावर मी यंत्रवाल्याकडे गेले. धक्क्याच्या टोकाला त्याची खोली आहे. एकच खुर्ची होती, ती त्याने मला दिली. मी कलम पाच वाचले. तो जाळे विणत राहिला.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनी, मी तेव्हाच पाहिलं होतं. म्यानाबाहेर गोंडा नव्हता."

"मग चौकशीत तसं का नाही बोललात?"

"तुम्ही होता म्हणालात. पोर तुमच्या पदराला धरून उभी होती. तिच्यादेखत आईला खोटं पाडू?"

मी माफी मागितली. त्याने केली असे म्हटले नाही, नाही केली असेही नाही. मग मी खोलीचे सांगितले. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाईंनी मला बजावले होते, तेही सांगितले. तेव्हा त्याने हातातले जाळे खाली ठेवले.

"मग खोली नको. सही करतो. चौकशीत त्यांनी माझं ऐकलं, पण कागदावर घेतलं नाही. सहीखाली एक ओळ लिहिली तर चालेल का?"

मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कायद्याला त्या ओळीची गरज नाही. मी म्हणाले, मला आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: या महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळ

सही: गोंडे वळणारी

साक्षीदार १: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीवर सही केली.

साक्षीदार २: बोटीवरचा यंत्रवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
यंत्र मी वेळेत थांबवलं होतं.